समोरच्या खोलीचं दार

वैशालीला त्या घराची पहिल्यापासूनच भीती वाटायची. तिथे कोणी वाईट वागत होतं असं नाही. तिथे आवाजच नसायचा.

तिचं लहानपण हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात गेलं होतं. कारखाना म्हणजे बांबूंवर ताडपत्री टाकलेली लांबलचक शेड, तीन बाजूंनी उघडी. कोणी माती मळतंय, कोणी सोंडेला पॉलिश पेपर मारतंय, आणि हातांपेक्षा तोंडं जोरात चाललेली. वैशालीकडे आखणी असायची, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. लग्न झालं, मोडलं, ती शेजारच्या जिते गावात आईकडे परत आली आणि पुन्हा आखणीला बसली. फावल्या वेळात ती पुठ्ठ्यांवर गावातल्या माणसांचे डोळे काढायची. कारखान्यात आलेल्या एका चित्रकाराने ते पुठ्ठे पाहिले, आणि त्याच्या शब्दावर तिला मुंबईत, कलाकारांच्या घरात, वर्षभरासाठी खोली मिळाली.

भायखळ्याच्या एका जुन्या छापखान्याचा वरचा मजला होता तो. मधे लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, शेवटी सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. राहणारे बहुतेक चित्रं काढणारे नाहीतर पुतळे घडवणारे. नियम एकच होता. दार बंद असलं की आत काम चाललंय असं समजायचं, ठोठावायचं नाही.

समोरच्या खोलीत रिझवाना राहायची. वैशालीचं बोलणं ऐकून पहिल्याच दिवशी ती हसली होती.

"जित्याची हायस व्हय गो? मी रोह्याची! मंग आपन एकाच गाडीनं जानाऱ्या."

तेवढ्यावर वैशालीला आधार वाटला. रिझवानाचे अब्बा नझीर कुवेतला असत. रोह्याहून तिची आई अमीना सुक्या बोंबलांची चटणी पाठवायची, तिच्यातली अर्धी वैशालीला मिळायची. रिझवाना फायबरचे पुतळे करायची. एकदा दार बंद असताना वैशालीने चहा घेऊन ठोठावलं, आणि रिझवाना दार उघडायला आली तेवढ्यात तिचं बादलीतलं मिश्रण घट्ट होऊन बसलं. "बंद दार दिसत नाय काय गो तुला?" ती सगळ्यांदेखत ओरडली. संध्याकाळी तिनेच गळ्यात हात टाकला, पण वैशालीने पुन्हा त्या दाराला हात लावला नाही.

रिझवानाच्या पुतळ्यांचं प्रदर्शन जवळ आलं तशी ती खोलीबाहेर दिसेनाशी झाली. वैशाली तिच्यासाठी दाराशी स्टुलावर ताट झाकून ठेवायची, सकाळी ते रिकामं असायचं. एका रविवारी मात्र ताट तसंच होतं. भाकरीला मुंग्या लागल्या होत्या.

वैशाली दारापाशी थांबली. फटीतून रंग-थिनरचा उग्र वास येत होता. तिने हात उचलला आणि खाली घेतला.

स्वयंपाकघरात प्रणित होता, छायाचित्रं काढणारा. "ती नेहमी अशीच करते," तो म्हणाला. "खाणंपिणं विसरते. जाऊ नकोस, ओरडेल."

वैशाली खोलीत येऊन ब्रश घेऊन बसली. तेवढ्यात फोन वाजला. अमीना होती.

"रिझू फोन उचलीत नाय गो. बरी हाय ना?"

"बरी हाय, चाची. कामात हाय."

बोलून गेली आणि तिने फोन ठेवला. बरी आहे हे तिला कोणी सांगितलं होतं? ती बोळात आली. दारापलीकडे फोन थरथरत होता. अमीनाच परत लावत असणार. तो थांबला, पुन्हा थरथरला, पुन्हा थांबला. आत बाकी काही हललं नाही.

मग तिने दोन्ही मुठींनी दार बडवलं. "रिझू! रिझू गो!" कोणी ओरडलं नाही. त्या क्षणी एखादी शिवी ऐकायला तिने काहीही दिलं असतं. प्रणित चिडून आला पण तिचा चेहरा बघून त्याने तिला बाजूला केलं. त्याने खांद्याने दाराला धक्के दिले. कडी निखळली.

ओल्या पुतळ्यावर धूळ बसू नये म्हणून रिझवानाने खिडकीच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. वासाने डोळ्यांत पाणी आलं. ती लवंडलेल्या डब्याशेजारी पडली होती, मास्क गळ्यात, कपाळावर सुकलेलं रक्त. वैशालीने आयुष्यभर डोळे काढले होते, पण असे अर्धे उघडे, कोणाकडेच न बघणारे डोळे तिने पाहिले नव्हते. श्वास आहे की नाही तेही तिला कळेना. दोघांनी तिला बोळात ओढलं. तिथे रिझवाना एकदा खोकली, आणि वैशालीने तिचं डोकं मांडीवर घेतलं.

अमीना संध्याकाळी दवाखान्यात पोचली. "तू म्हनालीस कामात हाय," एवढंच ती बोलली.

रिझवाना वाचली. थिनरच्या वाफांनी भोवळ येऊन ती पडली होती; डोक्याला मार होता, बरेच दिवस चालताना तोल जायचा. अमीना तिला रोह्याला घेऊन गेली. आता ती घरामागच्या उघड्या पडवीत काम करते. वैशाली भेटायला गेली तेव्हा दोघी पडवीतच बसल्या.

"एक सांगू?" रिझवाना म्हणाली. "तू त्या दिवशी सकाळी दाराशी येऊन थांबलीस ना, ते मला कळलं व्हतं. तुझ्या चपलांचा आवाज वळकला मी. हाक मारायची व्हती, पन तोंडातून आवाज निघत नव्हता. मंग तू गेलीस."

रिझवानाने वैशालीचा हात हातात घेतला.

वैशाली त्या घरात परत गेली. स्वयंपाकघरात सगळ्यांना बसवून तिने ऐकलेलं तसंच्या तसं सांगितलं. तो नियम त्याच दिवशी गेला. आता कोणाचं दार फार वेळ बंद दिसलं की ती ठोठावते. काहीजण वैतागतात, ती ऐकून घेते. पण आतून उत्तर यायला जो वेळ लागतो, तेवढ्यात तिचे तळहात घामाने ओले होतात.