गोदावरीबाईंचा राग

आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात रागीट बायकांना तोटा नाही, पण त्यांत गोदावरीबाईंचं नाव कुणी घेतलं नसतं. दूधवाल्याने पाणी घातलं तरी ही बाई त्याला वर चहा पाजायची.

त्यांची सून क्षमा काळा मसाला करून विकते. फोनवर ती भाजलेल्या खोबऱ्याचे, धण्यांचे फोटो टाकायची. कुत्रं विचारत नव्हतं. मग एकदा खोबरं करपलं आणि तिने सहज दोन ओळी लिहिल्या : 'सासूबाई म्हणाल्या, माहेरी हेच शिकवलं का? मी म्हटलं, माहेरी सासू नव्हती.'

गोदावरीबाई खरं तर एवढंच म्हणाल्या होत्या, "राहू दे वं, घरी वापरू." पण हे कोण वाचणार?

त्या दोन ओळी भिलाईपासून नागपूरपर्यंत फिरल्या आणि मसाला आठवड्यात संपला. मग क्षमा रोज लिहू लागली. पुड्यांवर 'सासूबाई मसाले' छापून आलं, खाली भुवया चढवलेली म्हातारी. तिने सासूला विचारलं होतं, नाही असं नाही. "लिही. मायं काय जाते?" बाई म्हणाल्या. मी तर सकाळी चहाच्या आधी तेच वाचायचे आणि खो खो हसायचे.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. यंदा बायका हसू दाबतच आत शिरल्या. एकेक जणी गोदावरीबाईंच्या पाया पडे आणि हातावर तिळगूळ ठेवून म्हणे, "काकू, आता तरी गोड बोला हं!" मीही म्हटलं. सांगायला लाज वाटते. बाई प्रत्येकीला "हो बाई" म्हणत राहिल्या, आणि वाण वाटायच्या आधीच उठून आत गेल्या. त्या बाहेर आल्याच नाहीत.

क्षमाला ते लागलं. दुसऱ्या दिवशी तिने सरळ लिहिलं : 'माझ्या सासूबाई मला कधीच रागावल्या नाहीत. ते सगळं मी रचलं होतं.'

शेकड्यांनी उत्तरं आली. 'सासूने फोन हिसकावला वाटतं!' 'दीदी, दाराला कडी लावून लिहा!' ऑर्डरी दुप्पट झाल्या.

ती रडतच माझ्याकडे आली. "मावशी, खरं सांगितलं तर लोकाइले तेही गंमत वाटून राहिली. अन् बंद केलं तर ह्या पुड्या कोण घेईन?" तिला घेऊन मी गोदावरीबाईंकडे गेले.

दारात बीरगांवची एक पोट्टी पुडी घ्यायला उभी होती. "आंटीजी, एक बार डाँट दीजिए ना, फोटो लेनी है." गोदावरीबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि पुडीवरच्या म्हातारीसारख्या भुवया चढवल्या. पोट्टी खूश होऊन गेली. क्षमा भिंतीला टेकून उभी राहिली.

त्या दुपारी मी तिथेच जेवले. क्षमाने केलेलं वरण इतकं खारट की घास गिळवेना. बाई मात्र मान खाली घालून मुकाट्याने जेवत होत्या. क्षमाने पहिला घास घेतला आणि हात थांबला.

"आई, एवढं खारट! काहून नाही सांगितलं?"

"कसं सांगू वं?" बाई म्हणाल्या. "आता मी काही बोलली, का लोकाइचंच खरं होते."