पंचमीला बसवलेलं कुलूप

पंचमीची दिंडं उकडायला ठेवली की त्या पुरणाच्या वाफेत मला आमच्या पानशेतच्या खानावळीमागची खोली दिसते. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर पाहुण्यांच्या बुकिंगसाठी मी घरचाच मेल सर्व्हर चालवत होते. त्यातून पासवर्डशिवाय कुणालाही मेल पाठवता येई, आणि कुणा परक्याने त्यातून फसव्या जाहिरातींचा इतका कचरा पाठवला की बाकीच्या सर्व्हरनी आम्हाला काळ्या यादीत टाकलं आणि आमचे खरे मेलही परत यायला लागले. पंचमीला भाऊ मला माहेरी न्यायला हिर्डोशीहून आला, तेव्हा मी त्याच दुरुस्तीत अडकले होते. पिशवी भरलेली, बाहेर पावसाची झड, खोलीत तापलेल्या धुळीचा वास. अखेर सर्व्हर पासवर्ड मागू लागला, चाचणीचा मेल गेला, आणि मी उठले. "मामंजी, पासवर्ड सांगून ठेवते." सासऱ्यांनी दोन्ही हात वर केले. "मला नगं सांगू बाई. माझ्या तोंडात काय ऱ्हात न्हाई, उद्या गावभर व्हईल. तुझ्यापाशीच असू दे." मग म्हणाले, "पन शनिवारच्या पाव्हण्यांना कोन कळवनार? तू जातीस कशी?" आवाजात राग नव्हता, म्हणून भांडताही येईना. भावाने चहा संपवला, माझ्या पिशवीकडे एकदा पाहिलं आणि एकट्यानेच परतीची एसटी धरली. अजूनही मेल पाठवायला मीच लागते. पासवर्डही तोच आहे. एकेक अक्षर टाइप करते, हिर्डोशी, आणि मेल घराबाहेर पडतो.