न दिसणारी शिवण

बाइंडरकाकांच्या हातून चूक होत नसे, आणि हे सगळ्या गल्लीपेक्षा काकांनाच जास्त ठाऊक होतं. वाचनालयाची जुनी पुस्तकं, शाळेची हजेरीबुकं, वकिलांची बाडं त्यांच्या एका खोलीच्या दुकानात खिळखिळी होऊन यायची आणि ताठ होऊन जायची. गिऱ्हाइकाने पुस्तक उलटसुलट करून "कुठे शिवलंय हो?" असं विचारलं की काकांना कोण आनंद! उत्तर मात्र द्यायचे नाहीत. चष्म्यावरून नुसते बघायचे.

लेकीशी मात्र त्यांचं फाटलं होतं. तिने सीमेपलीकडच्या शहरात नोकरी धरली, तिथलाच मुलगा पसंत केला आणि घरी नुसतं कळवलं. काकांनी दोन वर्षं अबोला धरला. बायको फोनवर तिच्याशी बोलत असली की काका पुस्तकं चिकटवायची खळ ढवळत बसायचे, घट्ट झाली तरी ढवळत बसायचे. शेवटी लेकीनेच त्यांच्या फोनवर फोन केला.

"बाबा, पुढच्या महिन्यात चौदा तारखेला चार वाजता नोंदणी कचेरीत लग्न आहे. पहिला साक्षीदार म्हणून तुमची सही हवीय. येणार नसाल तर आत्ताच सांगा."

काका म्हणाले, "येतो." मग दुकानाचं दार लोटून घेऊन रडले. बायकोला दिसलं, पण तिने दिसलं नाही असं दाखवलं.

जाणं अगदी सोपं, असं जो तो सांगत होता. दोन्ही बाजूंच्या लोकांना व्हिसा माफ. पासपोर्ट दाखवायचा नि चालू पडायचं. काकांना त्या पासपोर्टचं इतकं अप्रूप, की येईल त्या गिऱ्हाइकाला तो उघडून दाखवायचे, कोरी पानं फर्रकन उलटायचे. आठवडाभर ही मिरवणूक चालली आणि मग मधला दोरा तुटून चार पानं हातात आली.

"अहो, नवीन करून घ्या. अजून तीन आठवडे आहेत," बायको म्हणाली.

"आयुष्यभर जगाची पुस्तकं शिवली, आणि माझंच दुसऱ्याच्या हातात देऊ?"

झालं. तशाच रंगाच्या दोऱ्यासाठी त्यांनी तीन दुकानं पालथी घातली. दोऱ्याला मेण लावलं, उरलीसुरली शिवण उसवली, जुन्याच भोकांतून बारीक सुईने सात टाके घातले आणि रात्रभर वजनाखाली ठेवून दिलं. सकाळी त्यांनी स्वतःच भिंग लावून पाहिलं. चाळीस वर्षांत इतकं देखणं काम झालं नव्हतं.

चौदा तारखेला सकाळी दहाला बस सीमेवर थांबली. लांबलचक हॉल, काचेच्या खिडक्या, वर हातभर अक्षरांत पाटी: 'व्हिसाची गरज नाही'. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत अठरा ओळी होत्या, त्या कोण वाचतो? बायकोचा पासपोर्ट दोन मिनिटांत शिक्का खाऊन परत आला. ती कठड्यापलीकडे जाऊन उभी राहिली. मग काकांची पाळी.

खिडकीतली मॅडम लेकीच्याच वयाची होती. तिने पासपोर्ट निळ्या दिव्याखाली धरला. पुन्हा धरला.

"याची शिवण..." ती म्हणाली आणि थांबली.

बायको कठड्यापलीकडून 'बोलू नका' म्हणून जोरजोरात मान हलवत होती. पण चाळीस वर्षांची सवय! काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "कळतंय का कुठे? मीच केलीय."

मॅडमने पेन खाली ठेवलं. "तुम्ही पासपोर्ट उसवलात?"

"उसवल्याशिवाय शिवणार कसं?"

"काका, मूळचा दोरा या दिव्याखाली चमकतो. हा चमकत नाही. हा आता छेडछाड केलेला पासपोर्ट झाला."

काकांना वाटलं, ही थट्टा करतेय. "पण व्हिसा तर माफ आहे ना?"

"व्हिसा माफ आहे, पासपोर्ट नाही. मधलं पान बदललं नाही कशावरून?"

"पानांवर आकडे आहेत की! मोजा!"

"मोजली. सगळी आहेत. तरी चालत नाही."

"आणि फाटका आणला असता तर?"

"तर तुम्हाला नुसतं परत पाठवलं असतं. आता तो जप्त होणार आणि चौकशी होणार."

म्हणजे तुटलेलं नुसतं परत आलं असतं आणि सुधारलेलं गुन्हा ठरलं! काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या कामाची उभ्या जन्मात सगळ्यात जास्त ऐट वाटली, तेच काम समोर निळ्या उजेडात काळं पडलेलं दिसत होतं. त्यांना बाकावर बसवलं. तेवढ्यात फोन वाजला. बायकोने लेकीला कळवलं होतं.

"बाबा, पासपोर्ट तुमच्या हातून बिघडला? तुमच्या?" लेकीचा आवाज थंड होता. "तुमचा हात कधी चुकलाय? यायचंच नव्हतं, तर त्या दिवशीच सांगायचं होतं."

फोन बंद झाला. पासपोर्ट गेला तेव्हा काका हादरले होते, आता पार खचले. मग ताडकन उठून खिडकीशी गेले.

"मॅडम, मला हे लिहून द्या."

"काय?"

"मी काय केलं ते. शिवण मीच उसवली, सात टाके मीच घातले, तारीख, सगळं. ठळक लिहा."

मॅडम म्हणाली, "इथे लोक लिहू नका म्हणून हातापाया पडतात."

"लिहा हो. आणि खाली लिहा, की हा माणूस लेकीच्या लग्नाला निघाला होता. खरंच निघाला होता."

मॅडमने जप्तीचा कागद ओढला. 'प्रवासाचं कारण' असा एक रकाना होता. एरवी ती तिथे रेघ मारायची. आज तिने पूर्ण वाक्य लिहिलं. "इथे सही करा."

लेकीच्या लग्नात करायच्या सहीचा काकांनी महिनाभर सराव केला होता. ती त्यांनी इथे सावकाश, पूर्ण नावाची केली. मॅडम स्वतः उठली आणि कागदाची प्रत कठड्यापलीकडे बायकोच्या हातात देऊन आली.  ती कागद पदराखाली धरून बसकडे धावली.

काका चौकशीसाठी बाकावरच होते. सव्वाचार वाजता फोन वाजला. पलीकडून हुंदका ऐकू आला.

"बाबा... कागद वाचला."

काकांना पुष्कळ बोलायचं होतं. शेवटी म्हणाले, "सात टाके लिहिलेत ना गं तिने? बघ बरं."

"सातच आहेत, बाबा," लेक म्हणाली.