घंटा कोणी वाजवायची

व्हर्लिन ऑस्टबीने बत्तीस वर्षं शाळांचे कॉम्प्युटर सांभाळले. निवृत्तीनंतर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो लायब्ररीत दुरुस्तीच्या टेबलाशी बसायचा. वस्तू चालू झाली की तिथली पितळी घंटा वाजवायची आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी रीत. मिनेसोटातल्या त्या लहानशा गावात व्हर्लिनला विचारल्याशिवाय कोणी कॉम्प्युटरचं झाकण उघडत नसे.

लॉर्ना हॉगनने उघडलं. एकाहत्तर वर्षांची ही बाई चर्चच्या दफनभूमीतल्या एकेका दगडाचा फोटो काढून नोंद ठेवायची. जुनी डिस्क फारच रखडायला लागली, तेव्हा तिने एसएसडीची, म्हणजे नव्या वेगवान डिस्कची, पट्टी आणि ती बसवायचं एक अडॅप्टर कार्ड मागवलं, व्हिडिओ बघत स्वतःच बसवलं. पण कॉम्प्युटरला पट्टी दिसेना. मार्चमध्ये ती सगळं घेऊन टेबलाशी आली.

"व्हर्लिन, याला वेगळी केबल लागते का रे?"

"केबल? अगं, कार्ड आहे ते, टोस्टर नाही!"

सगळे हसले. व्हर्लिनला आणखी चेव आला. "फसवलंय तुला. भंगार माल. हात घालण्याआधी विचारायचं तरी!" त्याने कार्ड पट्टीसकट टेबलाखालच्या भंगाराच्या खोक्यात टाकलं. लॉर्नाने आपला स्क्रूड्रायव्हर पर्समध्ये ठेवला.

खोकं रिकामं करायचं काम त्याचंच. घरी ते कार्ड उलटं केलं, तर मागे बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं. दोन खाचा होत्या. एकीतली पट्टी थेट चालते. दुसरीतली कार्डाकडून फक्त वीज घेते. माहितीसाठी कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डापर्यंत वेगळी केबल जोडावी लागते. लॉर्नाची पट्टी दुसऱ्या जातीची होती आणि तिने बरोबर खाचेत बसवली होती. त्याने कार्ड आपल्या कॉम्प्युटरात बसवून खणातली केबल जोडून पाहिली. पट्टी लगेच दिसली. व्हर्लिनचे कान तापले.

दोन दिवसांनी ती दुकानात भेटली. "नोंदी बंद केल्या बाबा. या वयात नसती हौस."

खरं काय ते ओठांवर आलं होतं. "एकदा परत बघतो," एवढंच तो म्हणाला.

एप्रिलमध्ये टेबलाशी त्याने लॉर्नाच्या कॉम्प्युटरात तेच कार्ड परत बसवून केबल जोडली. दोन मिनिटांचं काम.

"केलंस की रे!" लॉर्ना म्हणाली. "वाजव घंटा!"

"व्हर्लिनला जमणार नाही असं आहे काय!" कोणीतरी ओरडलं.

त्याचा हात घंटेवर होता. गप्प बसला असता तर कोणाला काही कळलंही नसतं. लॉर्ना कौतुकाने बघत होती, आणि तेच त्याला सोसेना.

"मी काही दुरुस्त केलं नाही," तो म्हणाला. "हिने सगळं बरोबर बसवलं होतं. केबलचंही विचारलं होतं. चुकलो मी, आणि वर तिलाच हसलो."

टाळ्यांसाठी उचललेले हात खाली आले. त्याने घंटा तिच्यापुढे सरकवली. तिने ती उचलली नाही.

"टोस्टर म्हणालास."

"हो."

"या सगळ्यांसमोर."

"हो."

तिने पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला. "झाकण मी लावते. तू स्क्रू दे."

एकेक करून त्याने चारही स्क्रू तिच्या तळहातावर ठेवले. मग तिने घंटा वाजवली. व्हर्लिननेही टाळ्या वाजवल्या. मान मात्र वर केली नाही.