थोरलीला सांगून जा

न्हावऱ्याहून निघाले त्या सकाळी भाड्याची जीप दारात घरघरत उभी होती. बॅगेचं वजन जास्त भरतंय म्हणून मी शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी बाहेर काढत होते आणि आई ती परत कोंबत होती. तेवढ्यात आजीनं मला हाताला धरून आत नेलं. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक चांदीचा टाक असायचा, नखाएवढा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. तो तिनं माझ्या कपाळाला लावला. "थोरलीला सांगून जा," म्हणाली. लहानपणापासून मी या थोरलीच्या पाया पडत आले होते. मला ती कुठली तरी देवी वाटायची. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न धरला होता. मी डोळे मिटल्यासारखं केलं आणि पळाले.

त्याला आता अकरा वर्षं झाली. आयर्लंडमध्ये कॉर्क शहरात मी नर्स आहे, म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात. हँडओव्हर, रोस्टर, ॲन्युअल लीव्ह हे शब्द आता माझ्या तोंडात इतके बसलेत की आईशी फोनवर बोलतानाही निघतात आणि ती म्हणते, "मराठीत बोल की बये." बसच्या खिडकीतून तिथे हिरव्या माळावर मेंढरं दिसतात, पाठीवर निळ्या-लाल रंगाचे फटकारे मारलेली. आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखली, आजोबांनी शेवटी ती विकून विहीर पाडली, आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ऊस लावला, आणि मी विमानाचं तिकीट काढून परत मेंढरं बघायला गेले. हे मी तिथल्या मैत्रिणींना सांगते. त्या भल्या बाया आहेत, पण त्यांना यात हसण्यासारखं काही सापडत नाही.

गेल्या वर्षी आजी गेली. मला लीव्ह मिळाली नाही. तिला शेवटचं पाहिलं ते मोबाईलवर, आणि तेही कुणीतरी फोन सारखा आडवा-उभा करत होतं. त्याचा राग मला अजून आहे. कुणावर ते विचारू नका. तुमच्यापैकी जे असे लांब आहेत त्यांना तो ठाऊक असेल.

पाच महिन्यांनी गावी आले. आप्पा गोठ्यापाशी बसले होते. वय सत्तरीचं, छातीत दोन स्टेंट. खुशाली झाल्यावर गायीकडं बघत म्हणाले, "एक काम करशील का? माझ्या आईचं नाव हुडकून दे."

"आप्पा, सरूबाई. अख्ख्या गावाला माहितीय."

"ती नव्हं. पैली."

मग त्यांनी मला सांगितलं. जी आजी मी पाहिली, तिनं आप्पांना वाढवलं होतं, जन्म दिला नव्हता. जन्म देणारी ते वर्षाचे असताना गेली. बाराव्या वर्षी चावडीवर कुणीतरी बोलता बोलता बोलून गेलं, तेव्हापासून आप्पांना माहीत होतं. पण आजीला त्यांनी कधी विचारलं नाही. "तिला वाटलं असतं, पोरगं मला परकी मानतंय." आता ती नव्हती. "माझं काय खरं न्हाई. एकदा तिच्या नावानं निवद दाखवायचाय. कुठं गेली त्ये बी कळू दे."

आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात, जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही. मी कागदाच्या मागे लागले. तलाठ्याकडे जाऊन जुने फेरफार काढले, ग्रामपंचायतीतल्या मृत्यूच्या नोंदी चाळल्या. पत्र्याच्या पेटीतून आप्पांचा शाळेचा दाखला निघाला. त्यावर त्यांचा जन्म एक जूनचा, कारण गुरुजींनी अर्ध्या गावाला एक जूनलाच जन्माला घातलंय. शेवटी वंशावळ ठेवणाऱ्या भाटाची चोपडी मिळाली. त्यात आजोबांच्या लग्नाच्या वर्षाची नोंद होती, आप्पांच्या जन्माच्याही आधीची. तिथेही बायकोचं नाव सरूबाई. पहिल्या कागदापासून गेल्या वर्षीच्या दाखल्यापर्यंत एकच सरूबाई लग्न करून आली, बाळंत झाली, वारस लागली आणि पिकल्या वयात गेली.

मी मोठ्या रुबाबात सगळी झेरॉक्स आप्पांपुढे पसरली. म्हटलं, "कुणीतरी तुम्हाला उगाच सांगितलं. बाई एकच आहे."

त्या दुपारी आप्पा जेवले नाहीत.

ताट उचलताना आई म्हणाली, "शिकलीस एवढी, आन् एवढं ठाऊक न्हाई? बायकू मेली की दुसरीला पैलीचंच नाव ठेवत्यात. पैलीचा टाक तिच्या गळ्यात बांधत्यात. म्हंजी पैलीला वाटू नये, मला घरातनं काढलं."

मी तिथेच बसले. आमच्या वॉर्डात एका नावाचे दोन पेशंट आले की फाइलवर लाल स्टिकर लावायचा असतो, गोळी चुकीच्या तोंडात जाऊ नये म्हणून. ते काम मी करते. आणि स्वतःच्या घरातल्या दोन बाया मी एक करून टाकल्या होत्या. जिचं नाव मी तलाठ्याकडे शोधत होते, ती थोरली रोज आजीच्या गळ्यात माझ्यासमोर बसलेली होती, आणि तिच्या पाया पडून मी परीक्षेला जात होते. मला माझीच लाज वाटली.

सरू हे नाव सासरचं. माहेरचं नाव माहेरीच असणार, आणि आजीचं माहेर खुटबाव. दुसरी बायको पहिलीच्या माहेरालाच आपलं माहेर मानते हेही आईनंच सांगितलं. म्हणजे खुटबावचे मामा खरे तर थोरलीचे भाऊ. आप्पा चाळीस वर्षं या मामांच्या ओसरीवर बसून उसाच्या आणि दुधाच्या गप्पा मारत आले होते, आणि हा एक प्रश्न त्यांच्या तोंडातून कधी निघाला नव्हता.

आम्ही दोघं गेलो. मामा ऐंशीच्या पुढचे, नजर अधू, पण कान शाबूत. आप्पांनी पाणी घेतलं, चहा घेतला, पावसापाण्याचं विचारलं. शेवटी मीच विचारलं.

"ठकू," मामा लगेच म्हणाले. "आमची ठकू. तुमच्यात गेली आन् सरू झाली."

आप्पा पुढे सरकले. "मामा, एवढे दिस का न्हाई सांगितलं?"

"तू कवा इचारलंस? आन् अक्कानं बजावलं व्हतं." अक्का म्हणजे माझी आजी. "लगीन होऊन पैल्यांदा आली, ती माझ्या आईच्या गळ्यात पडून म्हणाली, मी तुमचीच लेक. मग म्हणाली, तिचं हितलं नाव काय? आईनं सांगितलं. तवा अक्का म्हणाली, त्ये नाव मला लावू नका. सासरचं मी चालवते, ह्ये तिचं तिला ऱ्हाऊ द्या. आन् म्हातारपणी मला म्हणाली, पोरगं माझ्या देखत इचारायचं न्हाई, मी वळखते त्याला. मी गेल्यावर यील. तवा सांगा."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मोकळेपणी रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मामांना गाडीत घालून आम्ही नदीपलीकडे वडगाव रासाईला गेलो. मामांनी सांगितलं, तेव्हा तिथे भीमेच्या काठाला आमच्या मेंढरांचा वाडा, म्हणजे फिरता तळ, उतरला होता, ठकूला ताप भरला आणि आठव्या दिवशी ती गेली. विशीचीही नव्हती. नदीला पाणी होतं, उतार मिळाला नाही, म्हणून तिला पलीकडे माहेरी नेणं राहिलं. पोराला घोड्यावर कोकरांबरोबर बसवून वाडा पुढे गेला. तिच्या नावानं काठावर रोवलेला दगड कधीच वाहून गेलाय. आता पाण्यापर्यंत ऊस आहे. आप्पांनी चपला काढल्या, भाकरीचा निवद ठेवला आणि नाव घेतलं, आधी हळू, मग नेहमीच्या आवाजात.

तिकडे कुणी 'होम' कुठं विचारलं की मी न्हावरे सांगायचे, नकाशावर दाखवायचे. अलीकडे वाटतं, जिथून निघताना कुणाला तरी सांगून निघावं लागतं ते घर. कॉर्कच्या फ्लॅटमधून मी नुसती कुलूप लावून निघते.

परत जायच्या सकाळी तशीच जीप आली. आप्पांनी शिरूरच्या सोनाराकडून आजीच्या नावाचा नवा टाक करून आणला होता. देव्हाऱ्यात आता दोन्ही शेजारी होते, एक झिजून गुळगुळीत झालेला, एक कोरा. "दोघींना सांगून जा," आप्पा म्हणाले. बाहेर हॉर्न वाजला. वाजू दे म्हटलं. मी खाली बसले, दोन्ही टाक कपाळाला लावले आणि एकेकीचं नाव घेऊन सांगितलं. ठकूबाई, येते. सरूबाई, येते.