उसनं दिलेलं नाव

आयर्लंडमधली ती केस मी विसरायची ठरवली, तरी विसरता यायची नाही. निवृत्तीला सात महिने उरले होते. पुण्यातल्या सायबर पोलीस ठाण्याची मी प्रभारी होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच पाच आठवड्यांची सलग रजा घेऊन मुलाकडे, डब्लिनजवळच्या सिटीवेस्टला, गेले होते. मुलगा-सून सकाळी आठला घराबाहेर पडत. नात पाळणाघरातून यायची ती आयरिश हेल काढून इंग्रजीत बोलतच. माझं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र मराठीत मिळायचं नाही. बाकी दिवसभर मी आणि खिडकीतून दिसणारी ट्राम. ठाण्यात सकाळपासून माणसांच्या गराड्यात बसणारी बाई मी. तिथं भांड्यांच्या कपाटाशी बोलायला लागले होते.

दुसऱ्या आठवड्यात ठाण्यातून माझ्या उपनिरीक्षकाचा फोन आला. पुण्याच्या एका मुलीला डब्लिनमध्ये प्रवेश मिळाला होता. तिच्या वडिलांनी एका वेबसाइटवरून खोलीसाठी आगाऊ रक्कम भरली, पावती आली. मुलगी बॅगा घेऊन त्या पत्त्यावर पोचली, तर दार उघडणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना भाडेकरू वगैरे काही माहीतच नव्हतं. अशा चार मुलींच्या तक्रारी आल्या होत्या.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. हल्ली वेबसाइट बनवणाऱ्याला पैसे घेण्याची यंत्रणा स्वतः उभी करावी लागत नाही. पेमेंट कंपनी कोडच्या तयार ओळी देते, त्या साइटमध्ये बसवल्या की झालं. कार्डाचा नंबर साइटवाल्याच्या हाती लागतही नाही, थेट कंपनीकडे जातो. सुरक्षा चोख. पण खातं कुणाला द्यायचं, याचे देशोदेशी वेगळे नियम असतात. भारतातल्या नव्या माणसाला आमच्या केसमधल्या पेमेंट कंपनीचं खातं सहज मिळत नव्हतं. आयर्लंडमध्ये राहणाऱ्याला पासपोर्ट आणि पत्ता दाखवला की मिळत होतं.

कंपनीनं आमच्या पत्राला उत्तर दिलं. खातं लिक्सलिपमध्ये राहणाऱ्या एका मराठी इंजिनिअरच्या नावावर होतं. वय सत्तावीस, संगणकाच्या चिपच्या कारखान्यात नोकरी.

"मॅडम, लिक्सलिप तुमच्यापासून लांब आहे का हो?" उपनिरीक्षकानं साळसूदपणे विचारलं.

"मी रजेवर आहे. आणि इथे माझा अधिकार बसची वाट बघणाऱ्या माणसाइतकाच आहे."

ठाण्यातल्या पथकानं त्या तरुणाला ईमेलनं नोटीस पाठवली आणि लुकआउट सर्क्युलरची फाइल तयार केली. म्हणजे हा भारतात उतरला की विमानतळावरच ताब्यात. नोटिशीचं उत्तर तासाभरात आलं. त्यात स्वतःचा पत्ता, फोन, पासपोर्टची प्रत, आणि खाली एक ओळ: पुढच्या महिन्यात आईचं ऑपरेशन आहे, मी एकुलता एक आहे, मला येऊ द्याल ना?

पळणारा माणूस पत्ता देत नाही. मी वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "जबाब घ्यायचा नाही. पण आपला माणूस म्हणून ऐकून घेतलंत तर मी हरकत घेणार नाही."

सिटीवेस्टच्या शॉपिंग सेंटरमधल्या कॉफीच्या दुकानात तो आला. जॅकेट भिजलेलं, हातात कागदांची फाइल, आणि माझ्यासमोर उभाच राहिला.

"बस. जेवलास का?"

माझा पहिला प्रश्न कायम हाच असायचा. सराईत माणूस लगेच 'हो' म्हणतो. हा विचारात पडला आणि म्हणाला, "काल दुपारी."

सँडविच खाता खाता तो बोलला. सॉफ्टवेअरवाल्यांच्या एका ग्रुपवर त्याला साताऱ्याचा एक जण भेटला. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना खोल्या मिळवून देणारी साइट करू या, म्हणाला. हा सुट्टीच्या दिवशी कोड लिहून द्यायचा. मग पैसे घ्यायची वेळ आली. मित्र म्हणाला, मला इथून खातं मिळत नाही, तुझ्या नावानं काढ, दोन मिनिटांचं काम आहे. यानं पासपोर्ट, पत्ता, सगळं चढवलं. पासवर्ड त्याला दिला. लॉगिन करताना याच्या फोनवर जो कोड यायचा, तोही हा वाचून दाखवायचा.

"अरे, कोड कुणाला सांगू नये हे माझी कामवाली सांगते. तू इंजिनिअर ना?"

"माहीत होतं, मॅडम."

"मग?"

मी तोच प्रश्न तीन वेळा, मध्ये दुसरं काही बोलून विचारला. तिन्ही वेळा तो सँडविचच्या कागदाची घडी घालत राहिला. शेवटी मी त्याच्या फोनवरची कॉलची यादी मागितली आणि बोटानं वर सरकवत गेले. अकरा महिने रोज संध्याकाळी एकच नाव. अधूनमधून आई, एकदा दातांचा दवाखाना. दुसरं कुणी नाहीच.

तेहतीस वर्षांत मी हावरट माणसं पाहिली, घाबरट पाहिली, मूर्ख तर पोत्यानं पाहिली. हा त्यातला नव्हता. मला खरंच गलबलून आलं, आणि थोडा रागही आला.

"तुला संशय कधी आला?" मी विचारलं.

त्यानं आपणहून एक मेल उघडून दाखवला. चार मुलींपैकी दुसरीनं साइटवर पाठवलेला: पत्ता चुकीचा आहे, कृपया फोन करा. यानं मित्राला विचारलं होतं. मित्र म्हणाला, गैरसमज झालाय, मी बघतो.

"मग मी परत विचारलं नाही," तो म्हणाला. "भांडण झालं असतं तर त्यानं फोन बंद केला असता."

त्या मेलनंतर आणखी दोन मुली फसल्या होत्या. मी त्याला स्पष्ट सांगितलं, "त्या मेलपर्यंत तू फसलेला आहेस. त्यानंतरचं तुझ्यावर आहे. मी ते झाकणार नाही, तूही झाकू नकोस. चल, गार्डाच्या ठाण्यात जाऊ." तिकडे पोलिसांना गार्डा म्हणतात.

"मेल दाखवला तर व्हिसा जाईल, मॅडम. आईकडे कसा जाऊ?"

"जाईलही. पण लपवलेलं मागून निघालं तर नक्की जाईल."

तो उठला. ठाण्यात काउंटरवरचा गार्डा मला म्हणाला, "सिट डाउन देअर, लव्ह, यू आर ग्रँड," म्हणजे तिथे बसा बाई, काळजी नको. मी बाकावर बसले. फिर्यादीच्या नातेवाइकांच्या बाकावर आयुष्यात पहिल्यांदा. दीड तास कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. आमच्या ठाण्यातल्या बाकावर लोक इतके हळू आवाजात का बोलतात, ते तेव्हा कळलं.

तपासाला दिशा मिळाली ती तिथेच. मित्राला खात्यात शिरायला कोड लागणार होता, म्हणजे तो फोन करणारच. गार्डांनी सांगितलं, नेहमीसारखा बोल. चार दिवस हा नेहमीसारखा बोलला. चौथ्या दिवशी त्यानं कोड मागितला, यानं दिला, आणि तो कुठून वापरला गेला याची नोंद पेमेंट कंपनीकडे झाली. सातारा नव्हेच, पिंपरीतला फ्लॅट. आमच्या पथकानं सकाळी दार वाजवलं. आत एकच माणूस, तीन फोन आणि एक वही. वहीत नऊ मुलांची नावं होती. ही पेमेंट सेवा जिथे सहज मिळते अशा प्रत्येक देशातला एकेक एकटा मुलगा त्यानं निवडून ठेवला होता. प्रत्येकाच्या नावापुढे, आज काय विचारायचं, ते लिहिलेलं.

आमचा आरोपी तुरुंगात गेला. हा तरुण साक्षीदार झाला, लुकआउटची फाइल बंद झाली आणि तो आईच्या ऑपरेशनला पोचला. पण त्या मेलचा उल्लेख त्याच्या जबाबात आहे, आणि शेवटच्या दोन मुलींना त्यानं स्वतः फोन करून माफी मागितली. एकीनं ऐकून घेतलं, एकीनं फोन ठेवला.

निवृत्तीनंतर कॉलेजांमधून मला सायबर सुरक्षेवर बोलायला बोलावतात. पासवर्ड, कोड, खाती, सगळं सांगते. पण सुरुवातीला मुलांना विचारते, रोज तुमच्याशी कोण बोलतं? अर्धी मुलं हसतात. जी हसत नाहीत, त्यांच्याकडे मी नंतर जाते. वर्षानुवर्षं मी संशयितांचे कॉल रेकॉर्ड वाचले, पण कोरी जागा वाचायला मला या केसनं शिकवलं.

आयर्लंडहून मी परत निघायच्या आदल्या दिवशी तो तरुण भेटायला आला होता. निघताना म्हणाला, "मॅडम, त्या वहीत माझ्याबद्दल काही होतं का?"

पंचनाम्यातला त्या पानाचा फोटो माझ्याकडे होता. मी खोटं बोलले. "नुसतं नाव होतं. बाकी काही नाही."

त्याला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. त्याचा चेहरा पडला.

"काहीच नाही? अकरा महिने, मॅडम."

मग मी फोन काढून ते पान दाखवलं. त्याच्या नावापुढे लिहिलं होतं: उजवी दाढ दुखते. काढली का, विचारणे.

त्यानं ते दोनदा वाचलं.

"मी एकदाच बोललो होतो," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं होतं. बाकी कुणीच विचारलं नाही."