पट्ट्यात गेलेला हार

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही. अक्षर आधीच वाकडं होतं, आता उजव्या हाताच्या बोटांमुळे जास्तच वाकडं येतं. हे कागद कधी कुणाच्या हाती लागले तर त्याबद्दल माफी असावी. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून लिहिते आहे. एक प्रश्न फार दिवस मनात ठसठसत होता. ज्या हाताने मी देवीला हार घातला, तोच हात तिने मशीनमध्ये का जाऊ दिला?

मी नगरच्या एमआयडीसीत मसाल्याच्या कारखान्यात कामाला आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी शेड. मिरची, धने भाजायचे, कांडायचे, चाळायचे, पाकिटं भरायची. आम्ही सगळ्या बायकाच. बारीकसारीक इजा रोजचीच होती. मिरचीची पूड डोळ्यांत जायची, कढईच्या काठाने मनगट भाजायचं, सांडलेल्या तेलावर पाय सरकायचा, एकटीने पोतं उचललं की कंबर धरायची. त्याला आम्ही लागणं म्हणतच नव्हतो. पाणी ओतायचं आणि पुन्हा कामाला बसायचं. मी मिरची कांडायच्या डंकावर होते. मोटरीवरून एक रुंद पट्टा डंकाच्या मोठ्या लोखंडी चाकावर फिरतो. हात, पदर, केस आत जाऊ नयेत म्हणून त्याच्यावर जाळी असते.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा होते. त्या दिवशी आम्ही जाळी काढून चाक घासलं, हळदकुंकू लावलं. वरच्या दांडीला मोहट्याच्या देवीचा फोटो बांधून मी झेंडूचा लांब हार घातला. फुलं माझ्या माहेरची, पाथर्डीकडची, आणि हार मीच ओवलेला. तो खाली लोंबत होता, त्यामुळे जाळी परत बसेना. हार सुकायच्या आत काढायचा नाही, असं आम्ही पाळतो. शेठ म्हणाले, "राहू द्या दोन-चार दिवस. देवी आहे की राखायला." आम्हा सगळ्यांना ते पटलं. जिथे देवी बसली तिथे जाळी कशाला, असंच वाटलं.

दसरा झाला आणि काम सुरू झालं. मोटरीच्या हादऱ्याने हार सरकत होता. माझं लक्ष गेलं तेव्हा त्याचं टोक पट्ट्यात ओढलं गेलं होतं आणि फुलं चिरडत होती. देवीचा हार आपल्या डोळ्यांदेखत चिरडतोय, एवढंच मला दिसलं. मी विचार केला नाही. हात घातला आणि हार धरला.

दुखण्याच्या आधी नुसतं जड वाटलं, कुणीतरी हात घट्ट धरल्यासारखं. बोटं पट्टा आणि चाक यांच्यामध्ये अडकली होती आणि पट्टा त्यांच्यावरून घसरत कर्कश वाजत होता. मोटरीच्या बटणापर्यंत डावा हात पुरत नव्हता. डंकाच्या आवाजात माझं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नाही. शेवटी ओरडायचंही त्राण राहिलं नाही, तेव्हा मी फक्त "आई" म्हणाले.

आणि सगळं थांबलं. दारापाशी एक अनोळखी माणूस उभा होता आणि त्याचा हात भिंतीवरच्या मेन स्विचवर होता. तो टेम्पोवाला होता. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात माल द्यायचा होता, गेट चुकून आमच्याकडे शिरला होता.

बायका धावल्या. कुणीतरी माझा खांदा धरून ओढायला लागली. तो ओरडला, "वढू नका! वढलं तर बोटं आतच ऱ्हातील." मग त्याने दोन्ही हातांनी चाक हळूहळू उलटं फिरवलं आणि माझा हात सुटला. आमच्यातली सगळ्यात मोठी पारूमावशी ओंजळभर हळद घेऊन आली. तो तिला म्हणाला, "थांबा मावशी, माणूस हाय, लोणचं न्हाई." तशा अवस्थेतही मला हसू आलं होतं. त्याने धुतलेलं कापड मागून हात दाबून बांधला आणि मला टेम्पोत बसवलं. पारूमावशी सोबत होती. वाटेभर मी एकच विचारत होते, "माझा हात जाईल का हो दादा?" आणि तो एकच सांगत होता, "वर धरा ताई. हात वर धरा."

दवाखान्यात मला आत नेलं आणि तो निघून गेला. नाव विचारायचं राहिलं. नंतर आजूबाजूच्या कारखान्यांत चौकशी केली, पण तिथे रोज किती टेम्पो येतात, कोण कुणाला ओळखणार? मी त्यावर जास्त बोलत नाही. माणूस होता, टेम्पो होता, चुकलेलं गेट होतं. मी "आई" म्हणाले आणि त्याने स्विच खाली ओढला, एवढं मला माहीत आहे.

मधल्या बोटाचं पेर गेलं. दोन बोटांत तारा घातल्या. डॉक्टर म्हणाले, हात राहील, पण पकड येईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. पकडच नसेल तर त्या हाताचं मी काय करू? भाकरी कशी थापू, कामावर कुठे जाऊ? अर्धा खर्च शेठनी केला. बाकीच्यासाठी बायकांनी त्या महिन्याची भिशी, नंबर माझा नसताना, माझ्या हाती दिली. मी घरी पडून राहिले आणि देवीपुढे दिवा लावणं सोडून दिलं.

एके दिवशी पारूमावशी भेटायला आली. देव्हाऱ्याकडे बघून म्हणाली, "दिवा का गं न्हाई?"

मी म्हणाले, "तिच्या हारासाठी हात घातला मी. तिला दिसलं नाही का?"

"तुला कुनी सांगितलं हुतं हात घालायला?" ती तडकलीच. "घातला तवाच हार तिचा झाला. मग तिचा हार ती पट्ट्यात घालंल न्हाईतर गाडीखाली घालंल. तू कोन वढनारी?" मग स्वतःच हसली. "आन् मी कोन हळद भरनारी म्हना!"

ती गेल्यावर तिचंच बोलणं मनात घोळवत राहिले. खरंच, मी हार वाहिला होता, पण सोडला नव्हता. फुलं माझ्या माहेरची, ओवलेला मी, म्हणून तो माझाच होता. आणि देवीने राखावं म्हणून जाळी काढून ठेवली, ते तरी कसलं भरवसा ठेवणं? मला वाटलं, ज्याने कुणी ती जाळी पहिल्यांदा बनवली, त्यालाही ती बुद्धी तिनेच दिली असेल. आम्ही तिचीच राखण काढून भिंतीला टेकवली होती. त्या संध्याकाळी डाव्या हाताने दिवा लावला. उजव्या हातात रोज कणकेचा गोळा घेऊन दाबायला लागले. आधी बोटं नुसती थरथरायची. पुढे गोळ्यावर बोटांचे ठसे उमटायला लागले.

कामावर परत गेले तेव्हा जाळी तशीच भिंतीला टेकलेली होती. शेठ म्हणाले, "मिस्त्री येतोय बाई उद्या-परवा."  मी सगळ्यांसमोर म्हणाले, "जाळी बसल्याशिवाय मी डंक चालू करणार नाही."

 पारूमावशी म्हणाली, "ऐकलं का शेठ? हिचा आवाज आमी आज पैल्यांदा ऐकला. आज ऐका, न्हाईतर परत ऐकू येयाचा न्हाई." शेठ हसले, पण मिस्त्रीला त्याच दिवशी बोलावलं. जाळी बसली आणि बंद करायचं बटण डाव्या हाताला आलं. आता मिरची कांडताना आम्ही डोळ्यांना चष्मा लावतो, पदर आणि केस एप्रनच्या आत बांधतो, तेल सांडलं की आधी भुसा टाकतो, पोतं दोघी मिळून उचलतो. मेन स्विच खाली ओढल्याशिवाय पट्ट्याला कुणी हात लावत नाही. पुढच्या खंडेनवमीला हळदकुंकू जाळीला लावलं. हार फोटोपुरता, लहानसा घातला, आणि काम सुरू करायच्या आधी मीच तो काढून तुळशीत ठेवला. मनाला काही लागलं नाही.

भिशीचे पैसे मी दर पगाराला थोडे थोडे देत होते. या महिन्यात शेवटचे दिले. भिशीचा हिशोब पारूमावशीकडे असतो, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिच्यापुढे उजवा हात केला. नोटा चार बोटांत आणि अंगठ्यात घट्ट धरलेल्या होत्या. मावशी नोटांकडे नाही, बोटांकडे बघत होती.

"सोड की आता," ती म्हणाली, "फिटलं सगळं."

मी सोडल्या.